दुसरी नोकरी परवडते का? होकार देण्यापूर्वी मांडायचा हिशोब

पगार महिन्याच्या वीस तारखेलाच संपत येतो, घराचा हप्ता आणि शाळेची फी यांच्या तारखा मात्र हलत नाहीत. अशा वेळी संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी आणखी एखादे काम धरावे, हा विचार बहुतेक नोकरदारांच्या मनात येतो. कोणी शनिवार-रविवार एखाद्या दुकानदाराचे हिशोब लिहितो, कोणी घरी शिकवण्या घेते, कोणी पाळी संपल्यावर रात्री दुचाकीवर जेवणाची पार्सले पोहोचवतो, तर कोणी विम्याची एजन्सी घेतो. काम कोणतेही असो, ते घ्यावे की नाही याचा निर्णय बहुधा एकाच आकड्यावर होतो, तो म्हणजे महिन्याला मिळणारी रक्कम. या लेखाचे म्हणणे असे की तो आकडा निर्णयासाठी निरुपयोगी आहे. प्रवास, खर्च आणि कर वजा केल्यावर एका तासामागे हातात काय उरते आणि ते काम करताना मूळ नोकरी सुरक्षित राहते का, या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून मगच होकार द्यावा. असा कागद लिहायला बसले की बरीच आकर्षक वाटणारी कामे तिथेच गळून पडतात आणि एखादे किरकोळ वाटणारे काम मात्र टिकते.

आधी ठरवा: पैसे कशासाठी, किती आणि कधीपर्यंत

‘थोडे जास्त मिळाले तर बरे’ हे उद्दिष्ट धरून सुरू केलेले दुसरे काम सहसा संपत नाही, कारण वाढलेल्या मिळकतीबरोबर खर्चही गुपचूप वाढतो. त्यामुळे पहिल्या ओळीत कारण, दुसऱ्या ओळीत रक्कम आणि तिसऱ्या ओळीत महिना लिहावा. उदाहरणार्थ, क्रेडिट कार्डावर ८०,००० रुपये थकले आहेत आणि त्यावर दरमहा साडेतीन टक्के व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आहे, असे समजू. अशा थकबाकीवर पहिल्याच महिन्यात ३,३०० रुपयांच्या आसपास व्याजाचा बोजा पडतो. कार्डाचा वापर पूर्ण थांबवून दुसऱ्या कामातून खरोखर हातात उरणारे १०,००० रुपये दरमहा त्यातच भरले, तर ही थकबाकी साधारण दहा महिन्यांत संपते. हे कारण स्पष्ट आहे, रक्कम ठरलेली आहे आणि शेवटही दिसतो. अशा कामासाठी दहा महिने रविवार देणे योग्य ठरू शकते. नवा फोन किंवा मोठी गाडी घेता यावी म्हणून तीन वर्षे रविवार देणे योग्य आहे का, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. माझे उत्तर नाही असे आहे.

याच कागदावर दुसऱ्या नोकरीशिवाय तेवढीच रक्कम मिळण्याचे मार्गही तपासावेत. समजा गृहकर्जाचे ३० लाख रुपये वीस वर्षांत फेडायचे आहेत आणि व्याजदर ९ टक्के आहे. हप्ता सुमारे २६,९९० रुपये बसतो. बँकेकडे अर्ज करून, थोडे शुल्क भरून किंवा कर्ज दुसऱ्या बँकेकडे नेऊन दर ८.२५ टक्क्यांवर आला, तर हप्ता सुमारे २५,५६० रुपये होतो. महिन्याचे १,४३० रुपये एका अर्जावर वाचतात, त्यांच्यासाठी एकही संध्याकाळ द्यावी लागत नाही आणि त्यांच्यावर करही लागत नाही. जुने कर्ज चालू असलेल्यांना बँका नव्या ग्राहकापेक्षा चढ्या दराने व्याज लावत राहतात आणि ग्राहक मागेपर्यंत गप्प बसतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

कारखान्यात काम करणाऱ्यांनी ओव्हरटाइमचा विचार आधी करावा. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त कामाला दुप्पट दर देण्याचा नियम १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून चालत आला आहे. चाकण, भोसरी, अंबड किंवा वाळूज येथील एखाद्या कामगाराचा पगार १८,००० रुपये असेल, तर महिन्याचे २६ दिवस आणि रोजचे आठ तास धरून त्याचा ताशी दर सुमारे ८६ रुपये पडतो आणि ओव्हरटाइमचा १७३ रुपये. त्याच जागी, त्याच हत्यारांवर, वेगळा प्रवास न करता मिळणारे हे पैसे आहेत आणि ओव्हरटाइमच्या रकमेतून भविष्य निर्वाह निधीही कापला जात नाही. पाळी संपल्यावर दुसरीकडे ताशी शंभर रुपयांनी उभे राहण्यापेक्षा हा मार्ग सरळ सरस आहे, अर्थात कंपनीत ओव्हरटाइम उपलब्ध असेल आणि तो नियमाप्रमाणे दुप्पट दराने दिला जात असेल तर.

ताशी हिशोब कसा मांडावा

हा या मार्गदर्शकाचा गाभा आहे, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. डोंबिवलीत राहणारी आणि फोर्टमधल्या कार्यालयात लेखा विभागात काम करणारी एक कर्मचारी धरू. पगार ४५,००० रुपये. महिन्याचे २०८ तास धरले तर ताशी सुमारे २१६ रुपये. ठाण्यातील एका व्यापाऱ्याकडे शनिवारी आणि रविवारी चार-चार तास टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर नोंदी करायच्या आणि जीएसटीची विवरणपत्रे भरायची, असे काम तिला मिळते आहे. मोबदला १२,००० रुपये. महिन्यात आठ दिवस, ३२ तास, म्हणजे ताशी ३७५ रुपये. मूळ पगाराच्या पावणेदोन पट दर दिसतो आणि कोणीही हो म्हणेल.

आता न दिसणारे तास मांडू. घरातून स्टेशन, लोकल, पुन्हा शेअर रिक्षा आणि तोच उलटा प्रवास यांत दर खेपेला दीड तास जातो, म्हणजे महिन्याला १२ तास. विक्रीच्या तपशिलाच्या जीएसटीआर-१ या विवरणपत्राची मुदत ११ तारखेला आणि कर भरण्याच्या जीएसटीआर-३बी ची २० तारखेला असते. या तारखा शनिवार-रविवार पाहून येत नाहीत, त्यामुळे त्या आठवड्यांत कार्यालयातून घरी आल्यावर रात्री बसावे लागते. त्याचे, आणि ‘ताई, ते बिल सापडत नाहीये’ अशा फोनचे मिळून सहा तास धरू. एकूण ५० तास झाले.

मग खर्च. डोंबिवली ते सीएसएमटी असा लोकलचा पास तिच्याकडे आहेच आणि ठाणे त्याच मार्गावर असल्याने रेल्वेचा वेगळा खर्च नाही. रिक्षा आणि चहा-नाश्ता यांचे दिवसाला १०० रुपये धरले तर ८०० रुपये होतात. सुट्टीच्या दोन्ही दिवशी घरी स्वयंपाक होणार नाही, म्हणून पोळी-भाजी केंद्रातून जेवण आणावे लागेल. त्याचे महिन्याला १,२०० रुपये. हा दुसरा खर्च लोक हमखास विसरतात, कारण तो ‘कामाचा खर्च’ वाटत नाही. पण काम घेतले नसते तर तो झाला नसता, एवढी कसोटी पुरेशी आहे. हातात राहिले १०,००० रुपये, भागिले ५० तास, म्हणजे ताशी २०० रुपये.

ताशी ३७५ चे २०० झाले, म्हणून काम वाईट ठरत नाही. कार्डाची थकबाकी फेडण्यासाठी ठरावीक मुदतीत ते करण्याजोगे आहे. शिवाय मूळ कार्यालयात तिच्याकडे फक्त खरेदीच्या नोंदी येत असतील आणि इथे जीएसटीचे संपूर्ण काम हाताखालून जात असेल, तर त्या अनुभवावर पुढची नोकरी अधिक पगाराची मिळू शकते. मात्र जर ती हे काम केवळ पैशासाठी आणि अनिश्चित काळासाठी घेत असेल, तर ती आपले सर्व शनिवार-रविवार मूळ नोकरीपेक्षा कमी दराने देते आहे, हे तिला ठाऊक असावे. बोलणी करतानाही हा आकडा उपयोगी पडतो. आठवड्यातून एकच दिवस प्रत्यक्ष यावे आणि उरलेले काम घरून व्हावे एवढे मान्य करून घेतले, तरी प्रवासाचे सहा तास आणि रिक्षा-नाश्त्याचे ४०० रुपये वाचतात आणि ताशी दर २३६ रुपयांवर जातो. व्यापाऱ्याला एक रुपयाही जास्त द्यावा लागत नाही, त्यामुळे ही मागणी सहसा नाकारली जात नाही.

स्वतःच्या वाहनावर चालणाऱ्या कामात हा हिशोब अधिक काटेकोरपणे करावा लागतो. पेट्रोल लिटरला १०५ रुपयांच्या आसपास धरले आणि गाडी ४५ किलोमीटर देत असेल, तर किलोमीटरला सव्वादोन रुपयांहून अधिक इंधनालाच जातात. टायर, ऑइल, क्लच आणि गाडीची घटणारी किंमत त्यावर वेगळी. रोजची मिळकत संध्याकाळी खात्यात दिसते आणि गाडीचा खर्च सहा महिन्यांनी गॅरेजमध्ये दिसतो, त्यामुळे नफा असल्याचा भास होतो. आणखी एक बाब म्हणजे खासगी वापराच्या दुचाकीची नेहमीची विमा पॉलिसी भाड्याने माल किंवा प्रवासी वाहून नेण्यासाठी नसते. असे काम सुरू करण्यापूर्वी विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे, नाही तर अपघातानंतर दावा फेटाळला जाण्याची वेळ येते.

कर: दोन पगार एकत्र आले की काय होते

कराच्या बाबतीत सर्वांत मोठा गैरसमज असा, की दोन्ही ठिकाणी कर कापला गेला नाही म्हणजे कर नाही. प्रत्येक मालक आपण देत असलेल्या पगारापुरताच हिशोब करतो. आयकर विभाग मात्र दोन्ही रकमा एका पॅनवर पाहतो.

आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत पहिले चार लाख करमुक्त, चार ते आठ लाखांवर ५ टक्के, आठ ते बारा लाखांवर १० टक्के आणि बारा ते सोळा लाखांवर १५ टक्के असे टप्पे आहेत, करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास कलम ८७अ च्या सवलतीने कर शून्य होतो आणि पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) मिळते. एका ठिकाणी आठ लाख आणि दुसऱ्या ठिकाणी सहा लाख पगार असेल, तर दोन्ही मालकांच्या हिशोबात कर शून्य निघतो. प्रत्यक्षात एकूण १४ लाखांतून वजावट एकदाच मिळते, करपात्र उत्पन्न १३.२५ लाख होते, आणि कर ७८,७५० रुपये व त्यावर ४ टक्के उपकर मिळून ८१,९०० रुपये भरावे लागतात, तेही बहुधा विवरणपत्र भरताना, एकरकमी आणि व्याजासकट.

बारा लाखांच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी तर अधिकच सावध असावे. १२ लाख पगार असलेल्या व्यक्तीचे करपात्र उत्पन्न वजावटीनंतर ११.२५ लाख राहते आणि कर शून्य असतो. तिने वर्षाला तीन लाखांचे बाहेरचे काम घेतले की उत्पन्न १४.२५ लाख होते, ८७अ ची सवलत हातची जाते आणि उपकरासह ९७,५०० रुपये कर लागतो. म्हणजे तीन लाखांतले दोन लाख अडीच हजारच उरतात. ताशी दर काढताना या व्यक्तीने जवळजवळ एक तृतीयांश रक्कम करात जाणार असे धरले पाहिजे. याउलट डोंबिवलीच्या आपल्या उदाहरणात ५.४० लाख आणि १.४४ लाख मिळूनही उत्पन्न १२ लाखांच्या बरेच खाली राहते, त्यामुळे कर लागत नाही. व्यापाऱ्याने पैसे देतानाच कर (टीडीएस) कापला तर तो विवरणपत्र भरून परत मागता येतो. एकाच कामाची दोघांसाठीची किंमत इतकी वेगळी असते.

दुसरे काम पगाराच्या स्वरूपात आहे की व्यावसायिक शुल्काच्या, यावर बरेच अवलंबून असते. पगार असेल तर फॉर्म १२बी भरून एका ठिकाणच्या पगाराची माहिती दुसऱ्या मालकाला देता येते आणि तो एकत्रित कर कापतो. मूळ कंपनीपासून लपवायचे असल्यामुळे बहुतेक जण हे करत नाहीत आणि कराचा खड्डा वाढत जातो. शुल्क असेल तर ते व्यवसायाचे उत्पन्न ठरते. मग पगारदारांचा विवरणपत्राचा साधा नमुना, आयटीआर-१, चालत नाही, आयटीआर-३ किंवा आयटीआर-४ भरावा लागतो. अभियंता, वकील, डॉक्टर, वास्तुविशारद, लेखापाल, तांत्रिक सल्लागार अशा ठरावीक व्यवसायांना १९६१ च्या कायद्यातील कलम ४४अडअ प्रमाणे जमा रकमेच्या ५० टक्के रक्कम नफा म्हणून दाखवण्याची मुभा आहे. वरच्या उदाहरणातले तीन लाख या कलमात बसणारे असतील, तर उत्पन्नात दीड लाखच मिळवले जातात आणि एकूण कर ९७,५०० ऐवजी ७४,१०० रुपये होतो. विमा किंवा अन्य दलालीच्या उत्पन्नाला मात्र व्यापाऱ्यांसाठीची अशी अंदाजित नफ्याची सोय मिळत नाही. तिथे प्रत्यक्ष खर्चाच्या पावत्या जपाव्या लागतात. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आणि फॉर्मचेही क्रमांक बदलले आहेत, तेव्हा पुढील वर्षांसाठी बोलताना सनदी लेखापालाकडून नवे क्रमांक विचारून घ्यावेत.

टीडीएस वजा करून वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक निघणार असेल, तर अग्रिम कर, म्हणजे वर्ष संपण्याआधीच हप्त्यांनी द्यायचा कर, भरावा लागतो. त्याचे टप्पे १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च असे आहेत. अंदाजित नफ्याची पद्धत घेणाऱ्यांना १५ मार्चपर्यंत एकदाच भरता येतो. चुकल्यास दरमहा एक टक्का व्याज. व्यवहारात सोपा उपाय असा, की दुसऱ्या कामाचे पैसे वेगळ्या बचत खात्यात घ्यावेत आणि तिथेच कराचा वाटा बाजूला ठेवून उरलेलीच रक्कम घरखर्चाच्या खात्यात वळवावी. जीएसटीची चिंता बहुतेकांना करावी लागत नाही; महाराष्ट्रात सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये आहे आणि मूळ नोकरीचा पगार त्यात धरला जात नाही.

परवानगी: नियुक्तिपत्र उघडून वाचा

कंपनीने ‘पूर्ण वेळ आणि लक्ष कंपनीलाच द्यावे’ अशी अट घातली आहे का, हे नियुक्तिपत्रात आणि कर्मचारी आचारसंहितेत पाहावे. ‘एक्सक्लुझिव्ह सर्व्हिस’, ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’, ‘आउटसाइड एम्प्लॉयमेंट’ अशा मथळ्यांखाली ती सापडते. पत्रात माहिती-तंत्रज्ञानाशी किंवा संशोधनाशी संबंधित काम असेल, तर ‘सेवाकाळात केलेली निर्मिती कंपनीच्या मालकीची’ असेही कलम असते. रात्री घरी बसून लिहिलेला प्रोग्राम त्या कलमात अडकू शकतो.

‘करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे व्यवसायावर बंधन घालणारा करार रद्दबातल ठरतो, त्यामुळे अशा अटीला अर्थ नाही’ असे ठामपणे सांगणारे सल्लागार जागोजागी भेटतात. ते कलम मुख्यतः नोकरी सोडल्यानंतरच्या बंधनांबाबत उपयोगी पडते. नोकरी चालू असतानाच्या बंधनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच निकाल दिला आहे, आणि तो प्रसंग आपल्या जवळचा आहे: सेंच्युरी स्पिनिंगच्या कल्याणच्या कारखान्यात पाच वर्षांच्या करारावर असलेले निरंजन शंकर गोलीकरी मुदत संपण्याआधीच प्रतिस्पर्धी कंपनीत गेले, तेव्हा सेंच्युरी स्पिनिंगने मागितलेला मनाई हुकूम न्यायालयाने कायम केला आणि सेवाकाळापुरते असे बंधन सर्वसाधारणपणे कलम २७ मध्ये येत नाही, असे म्हटले.

अलीकडे, २०२२ मध्ये, या विषयावर आयटी क्षेत्रात मोठी खळबळ झाली. विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी अशा दुहेरी नोकरीला सरळ फसवणूक म्हटले आणि सप्टेंबरमध्ये ३०० जणांना काढल्याचे सांगितले. इन्फोसिसने आधी कडक इशारा देणारे पत्र पाठवले आणि नंतर वरिष्ठांच्या पूर्वपरवानगीने, स्पर्धा नसलेल्या ठिकाणी बाहेरचे काम करण्यास वाट ठेवली. स्विगीने तर त्याच वर्षी काही अटींवर अशा कामाला मुभा देणारे धोरण जाहीर केले होते. तात्पर्य, ‘सगळेच करतात’ आणि ‘कुठेच चालत नाही’ ही दोन्ही विधाने चूक आहेत. आपल्या कंपनीचे धोरण काय, एवढाच प्रश्न आहे.

काही वर्गांसाठी मात्र कायदाच आडवा येतो. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय दुसरी नोकरी किंवा व्यवसाय करता येत नाही. साहित्यिक, कलात्मक किंवा शास्त्रीय स्वरूपाचे प्रासंगिक काम आणि मानद सामाजिक कार्य यांना सवलत आहे. शाळांतील शिक्षकांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे, हे माहीत असूनही गल्लोगल्ली काय चालते हे पालकांना सांगायला नको. कारखान्यातील कामगाराला एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करू देण्यास १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम ६० प्रतिबंध करत होते; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली असून तिच्यातही दुहेरी कामावर तसेच बंधन आहे.

लपवून करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. दोन्ही ठिकाणी भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर दोन्ही वर्गण्या एकाच यूएएन, म्हणजे सर्व नोकऱ्यांसाठी सामाईक असलेल्या निधी क्रमांकाखाली येतात. आज कोणाचे लक्ष गेले नाही, तरी पुढची नोकरी बदलताना पार्श्वभूमी तपासणारी संस्था सेवाकाळाचा तपशील मागते आणि तिथे एकावर एक आलेल्या तारखा उघड दिसतात. परवानगी मागणे म्हणूनच स्वस्त पडते. अर्ज लहान आणि नेमका असावा: “मी कार्यालयीन वेळेबाहेर, शनिवार व रविवार मिळून आठवड्याला कमाल आठ तास, एका किरकोळ व्यापाऱ्याचे हिशोब लिहिण्याचे काम करू इच्छिते. सदर व्यवसाय कंपनीच्या व्यवसायाशी स्पर्धा करणारा नाही. या कामासाठी कंपनीचा संगणक, माहिती अथवा वेळ वापरला जाणार नाही, तसेच कंपनीच्या कामास बाधा येत असल्याचे निदर्शनास आल्यास मी हे काम बंद करीन. कृपया लेखी अनुमती मिळावी.” उत्तर तोंडी आले, तर त्याच दिवशी ‘आपल्याशी झालेल्या चर्चेनुसार’ अशी सुरुवात करून ईमेल पाठवावा आणि तो जपून ठेवावा.

काम निवडताना

आपल्याला येते आहे त्याच कौशल्याचे काम घेतल्यास ताशी दर लवकर चढतो. अगदी नवे क्षेत्र शिकण्यात सुरुवातीचे महिने बिनपैशाचे जातात. परवान्यांची बाब आधी पाहावी. घरगुती डबे, केक किंवा फराळाचे पदार्थ विकायचे असल्यास, वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत असली तरी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मूलभूत नोंदणी लागते आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये आहे. म्युच्युअल फंडाच्या वितरणासाठी एनआयएसएम या रोखे बाजाराच्या प्रशिक्षण संस्थेची परीक्षा द्यावी लागते. विमा एजंटासाठीही परीक्षा आहे. एजन्सीच्या कामात पहिली गिऱ्हाइके नातेवाईकच असतात, ती सात-आठ महिन्यांत संपतात आणि खरा धंदा तिथून सुरू होतो, तेव्हा पहिल्या वर्षीच्या कमिशनवरून पुढचा अंदाज बांधू नये.

अतिरिक्त मिळकतीच्या शोधात असलेली माणसे फसवणाऱ्यांचे ठरलेले लक्ष्य असतात, म्हणून एक कसोटी पक्की ठेवावी: काम देण्यासाठी जो तुमच्याकडूनच पैसे मागतो, त्याच्याकडे काम नसते. टेलिग्रामवर व्हिडिओला लाइक करण्याचे १५०-२०० रुपये खरोखर देऊन विश्वास संपादन करायचा आणि मग ‘प्रीपेड टास्क’साठी हजारो रुपये भरायला लावायचे, ही रीत आता सर्वश्रुत असूनही माणसे अडकतात. डेटा एंट्रीच्या नावाखाली करार करून घ्यायचा, अचूकतेची अशक्य अट घालायची आणि मग वकिलाच्या नोटिशीची भीती घालून दंड उकळायचा, हा दुसरा प्रकार. ‘तुमचे बँक खाते वापरायला द्या, महिन्याला ठरावीक रक्कम मिळेल’ हा प्रस्ताव तर थेट पोलीस ठाण्यात नेणारा आहे, कारण त्या खात्यातून दुसऱ्यांच्या फसवणुकीचे पैसे फिरतात. पैसे गेल्यास वेळ न दवडता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्यापूर्वी तक्रार झाली, तर ती गोठवली जाण्याची शक्यता असते.

तास कुठून काढायचे

आठवड्याचे १६८ तास कागदावर मांडून त्यातून झोप, नोकरी, प्रवास आणि घरकाम वजा करावे. उरलेल्या तासांपैकी निम्म्याहून जास्त दुसऱ्या कामाला देऊ नयेत, असा माझा आग्रह आहे. उरलेला अर्धा भाग आजारपण, पाहुणे, मुलांच्या परीक्षा आणि बंद पडलेली लोकल यांच्यासाठी लागतोच. रात्रीची झोप सहा तासांच्या खाली जात असेल, तर ते काम घेऊ नये, आणि दुचाकी किंवा यंत्र चालवायचे असेल तर अजिबात घेऊ नये.

घरकामाचे तास लिहिताना पुरुषांच्या कागदावर तो रकाना बहुधा रिकामा असतो. नवऱ्याने रविवारची शिकवणी धरली की बाजार, दळण, मुलांचा अभ्यास आणि आईवडिलांचे दवाखाने बायकोच्या अंगावर येतात, म्हणजे त्या मिळकतीचा काही भाग तिच्या तासांतून तयार होतो. बायकोने काम धरले, तर घरातले जुने काम कमी न होता त्यावर नवे चढते. त्यामुळे होकार देण्यापूर्वी कोणते काम कोण उचलणार आणि कोणते पैसे देऊन बाहेरून करून घ्यायचे, हे घरात बसून ठरवावे आणि बाहेरून करून घेतलेल्या कामाचा खर्च ताशी हिशोबात धरावा.

तीन महिन्यांची मुदत आणि सुटण्याची वाट

सुरुवातीलाच वर्षभराचा शब्द देऊ नये. कामाचे स्वरूप, तास, दर, पैसे कोणत्या तारखेला मिळणार आणि किती दिवसांची सूचना देऊन काम सोडता येईल, एवढे पाच मुद्दे व्हॉट्सअॅपवर का होईना, लेखी घ्यावेत. ओळखीतल्या माणसाकडे काम असेल तर हे अधिक आवश्यक आहे, कारण ओळखीत पैसे मागणे सर्वांत अवघड जाते. पहिल्या महिन्याचे पैसे दहा-पंधरा दिवस उशिरा आले आणि कारण सांगितले गेले नाही, तर दुसऱ्या महिन्याचे काम सुरू करण्यापूर्वी तो विषय काढावा.

तीन महिने रोजच्या तासांची नोंद वहीत ठेवावी आणि मग ताशी दर पुन्हा काढावा. अंदाजाने लिहिलेले तास प्रत्यक्षात वाढलेलेच आढळतात. त्याच वेळी मूळ नोकरीकडे पाहावे. उशिरा पोहोचणे, रजा संपत येणे, वरिष्ठांचा बदललेला सूर किंवा वार्षिक मूल्यमापनात घसरण यांपैकी काही दिसले, तर तेही आकड्यात मांडता येते: ४५,००० रुपयांच्या पगारावर आठ टक्क्यांची वाढ चार टक्क्यांवर आली, तर महिन्याला १,८०० रुपयांचा फरक पडतो, आणि पुढच्या प्रत्येक वाढीचा पाया तेवढाच खाली राहतो. दुसऱ्या कामाचे दहा हजार तेव्हा ८,२०० झालेले असतात.

ठरवलेली रक्कम जमली किंवा कर्ज फिटले की ठरल्याप्रमाणे सूचना देऊन काम सोडावे. सोडताना कागदपत्रे आणि पासवर्ड लेखी स्वरूपात परत करावेत, जीएसटी किंवा बँकेच्या पोर्टलवर आपला मोबाइल क्रमांक नोंदवला असेल तर तो बदलून घ्यावा, कारण पुढच्या चुकीचा ओटीपी आपल्याकडे येत राहणे धोक्याचे आहे. शेवटचे बिल आणि टीडीएसचे प्रमाणपत्र, म्हणजे शुल्कावर फॉर्म १६अ आणि पगारावर फॉर्म १६, मागून घ्यावे. कापलेला कर वार्षिक माहिती विवरणात उतरला आहे का, ते त्या तिमाहीचे टीडीएस विवरण भरले गेल्यावर पाहावे. कापून न भरलेला टीडीएस वसूल करण्यासाठी व्यापाऱ्याच्या मागे लागणे, काम चालू असताना जितके सोपे असते तितके ते सोडल्यानंतर राहत नाही, म्हणून शेवटच्या तिमाहीआधीचे सर्व हिशोब काम सोडण्याची सूचना देण्यापूर्वीच जुळवून घ्यावेत.